चार आवाजांत एक आवर्तन: जुनिची मासुदांच्या वाटेने गेम बॉयचं संगीत

पोकेमॉनचे चाहते जुनिची मासुदांना दिग्दर्शक म्हणून ओळखतात. पण 1989 च्या ‘क्विंटी’ या खेळापासून गेम फ्रीक या पोकेमॉन बनवणाऱ्या कंपनीत त्यांचं काम होतं चाली बांधण्याचं, आणि त्याच्या जोडीला प्रोग्रॅमिंगचं. शाळेत ट्रॉम्बोन वाजवणारा आणि पुढे टोकियोच्या एका तंत्रविद्यालयात सी भाषा शिकलेला हा माणूस. 27 फेब्रुवारी 1996 रोजी आलेल्या ‘पोकेमॉन रेड’ आणि ‘ग्रीन’चं संगीत त्यांनी केलं ते एवढ्या भांडवलावर. दिग्दर्शन 2000 च्या ‘क्रिस्टल’पासून. हा क्रम लक्षात ठेवा, कारण खाली दिलेली, निन्टेंडोच्या हातात धरायच्या गेम बॉयसाठी चाल बांधण्याची सगळी कृती त्याच क्रमाने जाते: आधी यंत्र, मग चाल, मग खेळ.

बडोद्यात हे शिकायला बसणाऱ्यांपैकी बरेच जण पेटी किंवा तबला थोडाफार शिकलेले असतात. सूरसागरजवळच्या म्युझिक कॉलेजात, म्हणजे 1886 साली सयाजीरावांनी गायक मौलाबक्षांच्या हाती सोपवलेल्या गायनशाळेत, नसेल तर दांडिया बाजारातल्या एखाद्या क्लासात. ते शिक्षण इथे थेट कामाला येतं. खेळातलं संगीत तासन्‌तास फिरत राहतं आणि ऐकणाऱ्याचं लक्ष दुसरीकडेच असतं. कथकच्या मागे पेटीवर चालणारा लहरा, म्हणजे फिरून फिरून येणारी एका आवर्तनाची चाल, हेच काम करतो. लहरा बांधता येत असेल तर अर्धं गाव जिंकलंत.

यंत्र काय देतं

चार आवाज, बस्स. पहिले दोन चौकोनी लहरीचे. त्यांची रुंदी 12.5, 25, 50 किंवा 75 टक्के ठेवता येते. 25 आणि 75 एकेकटे ऐकले तर सारखेच लागतात, तेव्हा खरे पोत तीनच. तिसऱ्या आवाजाची लहर तुम्ही स्वतः काढायची: 32 ठिपके, प्रत्येक 0 ते 15 उंचीचा. चौथा म्हणजे नुसता खरखराट. आवाजाची पातळी पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्याला 16 पायऱ्यांत मिळते. तिसऱ्याला फक्त चार: बंद, पाव, अर्धा, पूर्ण. तिसऱ्यावर स्वर हळूहळू विझवायला जाल तर तो टप्प्याटप्प्याने धाडकन खाली पडतो. तिथे तो छाटायचाच.

सूर कसा ठरतो तेही समजून घ्या. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, बिघडते ती इथेच. चौकोनी आवाजाची कंपनसंख्या म्हणजे 131072 भागिले एक पूर्णांक. मध्य सप्तकातला पांढरी एकचा सा, 261.6 हर्ट्‌झ, या हिशेबाने 501 वर येतो आणि रे 446 वर. मधे 55 पायऱ्या आहेत, म्हणून मींड रेशमी लागते. वरच्या सप्तकात त्याच सा-रे मध्ये 27-28 पायऱ्या उरतात. 2000 हर्ट्‌झच्या आसपास एक पायरी जवळजवळ 26 सेंटची होते, म्हणजे अर्ध्या स्वराचा चौथा हिस्सा, आणि मींड जिन्यावरून उतरल्यासारखी ऐकू येते. मींड, आंदोलन मंद्र आणि मध्यात ठेवा. तारसप्तकात सरळ, उभे स्वर.

साहित्य

ह्यूजट्रॅकर हा संगीत लिहिण्याचा फुकट प्रोग्रॅम आणि खेळ बनवण्याचा जीबी स्टुडिओ, तोही फुकट. जीबी स्टुडिओत संगीताचा संपादक आहेच, पण सुरुवातीला ह्यूजट्रॅकरमध्ये हात बसवणं सोपं. ऐकून पाहायला सेमबॉय हा एम्युलेटर, म्हणजे संगणकावर गेम बॉयची नक्कल करणारा प्रोग्रॅम, घ्या. आवाजाच्या बाबतीत तो विश्वासू आहे. ट्रॅकरची स्वरलिपी वरून खाली वाचायची, प्रत्येक आवाजाला एक रकाना, चालीच्या प्रत्येक तुकड्यात, म्हणजे पॅटर्नमध्ये, 64 ओळी.

64 म्हणजे तीनतालाचं 16 मात्रांचं एक आवर्तन, मात्रेला चार ओळी. फार सोयीची गोष्ट आहे ही. शून्यापासून मोजलं तर सम ओळ 0 वर, दुसरी टाळी 16 वर, खाली 32 वर, तिसरी टाळी 48 वर. दादरा किंवा गरब्याचा हींच ताल हवा असेल तर सहा मात्रांची दोन आवर्तनं 48 ओळींत बसतात. मग ओळ 47 वर पॅटर्न तोडण्याचा डी आदेश द्या (आदेश म्हणजे ओळीत स्वराशेजारी लिहायची अक्षराची किंवा आकड्याची खूण). तो एका रकान्यात लिहिला तरी चारही आवाजांना लागू होतो.

लय मनासारखी मिळत नाही, हा पहिला धक्का. यंत्राचा पडदा सेकंदाला 59.73 वेळा रंगतो. एकदा रंगणं म्हणजे एक टिक, आणि एक ओळ पूर्ण टिकांचीच असते. मात्रेला चार ओळी धरल्या तर 6 टिकांना मिनिटाला 149 मात्रा, 7 ला 128, 8 ला 112, 9 ला साडेनव्व्याण्णव. 120 हव्या असतील तर एफ आदेशाने एक ओळ 7 ची, पुढची 8 ची अशी आलटून पालटून द्या. सरासरी 119 च्या वर येते. शिवाय केरव्याला लागतो तो थोडासा झोलही आपोआप मिळतो.

चाल

प्रसंग ठरवून घ्या, नाहीतर चाल भरकटते. समजा पडद्यावर बडोद्याच्या जुन्या शहरातली मांडवी आहे आणि पात्र लहेरीपुरा, चांपानेर, पाणीगेट, गेंडीगेट अशा चार दरवाज्यांकडे फिरतंय. भरवस्तीची, चालत्या पावलांची चाल हवी. राग दुर्गा घ्या. पाचच स्वर, त्यामुळे एकमेकांत गुंतत नाहीत. बांधणी अशी:

सा – रे म | प – ध – | म – रे प | म रे ध़ सा

सा म्हणजे ट्रॅकरमधला सी-5. शेवटच्या चार मात्रांतला ‘ध़ सा’ पुन्हा समेच्या सा वर टेकतो, म्हणून जोड ऐकू येत नाही. ही एक ओळ जमली की दुसरी तारसप्तकात, तिसरी पुन्हा पहिलीच, चौथीत थोडा बदल. चार पॅटर्न झाले की गावाची चाल पुरते. जास्त लांबवू नका. खेळणारा बहुधा अर्ध्या मिनिटात दुसऱ्या पडद्यावर गेलेला असतो.

मुख्य चाल आवाज 1 वर, रुंदी 50 टक्के. सुरुवातीची पातळी 12 आणि उतार 3 ठेवला तर स्वर साधारण अर्ध्या सेकंदात विझतो, कारण उताराचं घड्याळ सेकंदाला 64 ठोके देतं आणि पातळी दर तिसऱ्या ठोक्याला एक पायरी उतरते. उतार 1 ठेवाल तर तोच स्वर पाव सेकंदाच्या आत संपतो, जलतरंगासारखा. लांब स्वरांवर आंदोलनासाठी 4 चा आदेश. मींडेसाठी 3 चा, किंमत 05: सा ते रे व्हायला साधारण 11 टिक लागतात. इथे बहुतेकांची फसगत होते, कारण आदेश ज्या ओळीत लिहिला त्या ओळीपुरताच चालतो. मींड दोन ओळी हवी असेल तर दोन्ही ओळींत लिहा, नाहीतर स्वर अर्ध्यावर अडकून बेसूर उभा राहतो.

आवाज 2 ला नवी चाल देण्याची घाई नको. पहिलीच चाल तीन ओळी उशिरा, 12.5 टक्के रुंदीने, पातळी 5 वर उतरवून ठेवा. जुन्या वाड्याच्या चौकात गाणं घुमतं तसं होतं, फुकटात. दोन्ही आवाज एकाच रुंदीने, एकाच वेळी, एकाच स्वरावर मात्र ठेवू नका. लहरी कशा जुळतील यावर कधी जाड, कधी चिपाड लागतं, आणि त्यावर तुमचा ताबा नसतो.

डग्गा आणि खाली

आवाज 3 वर तंबोरा भरून टाकायचा मोह होतो. तो टाळा, खर्ज जातो आणि उरतं काहीच नाही. करवती लहर काढा: 15, 15, 14, 14 असं दोनदोनदा उतरत 0 पर्यंत. गोल, गुळगुळीत लहर हेडफोनवर छान वाटते, पण गेम बॉयच्या इवल्याशा स्पीकरवर तिचा खर्ज नाहीसाच होतो. करवतीतल्या वरच्या स्वनांमुळे कानाला खर्जाचा भास तरी मिळतो. या आवाजावर तोच लिहिलेला स्वर एक सप्तक खाली वाजतो, हेही विसरू नका. सी-5 लिहिलात तर मंद्र सा ऐकू येईल.

आता गंमत. तीनतालाच्या ठेक्यात ‘तिं तिं ता ता’ला डग्गा गप्प असतो. तसंच करा: दहाव्या मात्रेला, म्हणजे ओळ 36 वर, ई आदेशाने आवाज 3 छाटा आणि चौदाव्या मात्रेला, ओळ 52 वर, परत आणा. तालाचं काहीही माहीत नसलेल्यालाही आवर्तन फिरल्याचं कळतं. ‘घे’ची चढण हवी असेल तर स्वर खालून सुरू करून 1 चा आदेश द्या.

चौथ्या आवाजावर दोन वाद्यं पुरतात. ‘ना’साठी 7 बिटांचा खरखराट, पातळी 10, उतार 1. तो धातूसारखा टणक लागतो. ‘तिट’साठी 15 बिटांचा, पातळी 6, उतार 1. यापेक्षा जास्त भरलंत तर चाल दबते.

खेळात बसवणं

ट्रॅकरमध्ये सुंदर वाजलेली चाल खेळात गेल्यावर फाटते. कारण साधं आहे: आवाज चारच, आणि दरवाजा उघडल्याचा, नाण्याचा, टाळीचा आवाजही त्यातूनच निघतो. ‘रेड’ आणि ‘ग्रीन’मध्ये प्रत्येक पोकेमॉनची हाक दोन चौकोनी आणि एक खरखरी आवाज घेते. तेवढा वेळ संगीताचा फक्त तिसरा आवाज चालू राहतो. म्हणून ज्या पडद्यावर आवाजांची गर्दी असेल तिथे खर्जाची ओळ एकटीने तग धरेल अशी बांधा.

जीबी स्टुडिओत सेटिंग्जमध्ये संगीताचा प्रकार यूजीई (ह्यूजट्रॅकरच्या फाइलीचा प्रकार) निवडा, फाइल असेट्समधल्या म्युझिक फोल्डरमध्ये टाका. रेकॉर्ड केलेली डब्ल्यूएव्ही फाइल, समजा देवळातली घंटा, इथे आवाज 3 वरून वाजते, म्हणजे ती वाजेपर्यंत तुमचा डग्गा गायब. जागाही भरपूर खाते. घंटा 7 बिटांच्या खरखराटातून बनवलेली बरी.

दिग्दर्शनाची सुरुवातही इथूनच होते. 6 चा आदेश आवाज बदलत नाही, तो खेळाला हाक देतो. जीबी स्टुडिओ अशा चार हाका ओळखतो आणि प्रत्येकीला स्क्रिप्ट जोडता येते. ओळ 0 वर एक हाक ठेवा आणि तिला मांडवीवरचे दिवे उजळण्याची स्क्रिप्ट जोडा, की प्रत्येक समेवर दिवे उजळतात. चाल आणि चित्र एकाच माणसाच्या डोक्यात असण्याचा फायदा तो हाच. मोठ्या कामात मात्र वाटून घ्यावं लागतं. 2002 च्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’चं दिग्दर्शन करताना मासुदांनी संगीताचं काम गो इचिनोसे आणि मोरिकाझु आओकी यांच्यासोबत केलं.

तपासणी तीनदा: हेडफोनवर, फोनच्या एका स्पीकरवर, आणि मिळालाच तर खऱ्या गेम बॉयवर. त्याचा स्पीकर एकच असल्याने डावी-उजवी वाटणी तिथे विरून जाते. आणि संगीत बंद करून नुसते खेळाचे आवाजही एकदा ऐका. तेही त्याच रागातल्या स्वरांवर बसवले तर कानाला खुपत नाहीत. नाण्याला प आणि ध, चुकीला मंद्र ध.

पूर्ण झालेला खेळ इच डॉट आयओ या संकेतस्थळावर ठेवता येतो, आणि जीबीजॅमसारख्या खेळ बनवण्याच्या स्पर्धेत 160 गुणिले 144 ठिपके नि चार रंग हीच अट असते, म्हणजे तुमचं काम आधीच बसतं. सरावासाठी पोकेमॉनच्या चाली उतरवून बघा, त्यासारखा अभ्यास नाही. पण प्रसिद्ध करताना त्यातलं काही ठेवू नका. राग सगळ्यांचा आहे, ती चाल त्यांची आहे. यूजीई फाइलची मूळ प्रत, वापरलेल्या ट्रॅकरची आवृत्ती आणि कोणता आवाज कोणत्या प्रसंगी संगीत थांबवतो याची यादी खेळाच्या फोल्डरमध्येच ठेवा. सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणाला काम सोपवायचं झालं तर त्याला हेच लागेल.