लेकराला स्वतःचा बचाव शिकवायचा तर : बापाने आधी काय, मग काय

“मार खाऊन घरी आलास तर माझ्या हातचे अजून दोन खाशील,” असा दम गावोगावचे बाप देतात. त्यातून लेकरू लढायला शिकत नाही, मार लपवायला शिकते. शिकवायचेच असेल तर पहिला करार असा करा, की काय झाले ते घरी सांगितल्यावर कोणी रागावणार नाही. पोरगा असो की पोरगी, शिकवण्यात फरक नको. शाळेच्या बसमधून उतरून पांदणीने घरी येणाऱ्या पोरीला तर याची गरज जास्तच.

सहा-सात वर्षांपासून सुरुवात करावी. त्याहून लहान लेकराला पळणे आणि ओरडणे एवढेच पुरे. पाचाच्या आतल्या लेकराचा हात धरून कधीच झटका मारू नका, कोपराचे हाड सहज निसटते. आठवड्यातून तीन दिवस, पंधरा-वीस मिनिटे. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत, नाहीतर दिवस बुडाल्यावर.

जागा

आपली काळी जमीन वाळली की दगडासारखी होते आणि भेगाळते, तिच्यावर पाडापाडी नको. अंगणात किंवा खळ्यावर धानाचे तणस फूटभर पसरा, वर दोन-तीन बारदाने उसवून टाका. तणस नसेल तर जुन्या गाद्या चालतात. सोयाबीनचे कुटार टाळा, अंगाला खाज सुटते आणि शेंगांची टोके टोचतात. ताडपत्रीवर पाय घसरतो. तणस रोज एकदा उलथून बघा, त्यात विंचू बसतो.

पहिले काही आठवडे फक्त पडणे

भांडणात पडल्याने मोठी इजा होऊ शकते, म्हणून आधी पडणे शिकवा. लेकराला उकिडवे बसवा. हनुवटी छातीला टेकलेली, पाठ गोल, हात छातीवर. आता मागे लोळायचे आणि पाठ टेकताच दोन्ही तळहात अंगापासून थोड्या अंतरावर जोरात जमिनीवर आपटायचे. हनुवटीखाली घडी केलेला रुमाल दाबून ठेवायला सांगा. रुमाल पडला म्हणजे मान मागे गेली, आणि खऱ्या पडण्यात डोके आपटले असते.

बहुतेक लेकरे करतात ती चूक म्हणजे तोल जाताच हात मागे टेकवणे. सगळा भार मनगटावर येतो आणि हाड मोडू शकते. ही खोड मोडेपर्यंत उभ्याने पाडू नका. उकिडव्याने दहा वेळा चांगले जमले की अर्धे वाकून, मग उभ्याने.

मनगट सोडवणे

धरणाऱ्याची चार बोटे एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या बाजूला असतो. अंगठ्याचे टोक आणि बोटे यांच्यामधली फट हीच पकडीतली कच्ची जागा. लेकराने आधी अंगठा कुठे आहे ते बघायचे, हात असा फिरवायचा की मनगटाची अरुंद कड त्या फटीसमोर येईल. मग धरणाऱ्याकडे एक पाऊल टाकायचे, कोपर वाकवून त्याच्या कोपराकडे न्यायचे आणि मूठ स्वतःच्या खांद्याकडे झटक्यात उचलायची.

पाऊल पुढे टाकायचे हेच लेकराला पटत नाही, ते मागे ओढत राहते. मागे ओढले की ताकदीची स्पर्धा होते आणि त्यात मोठा माणूस जिंकतो. समोरच्याने दोन्ही हातांनी धरले तर मोकळ्या हाताने स्वतःचीच मूठ पकडून वर ओढायची.

इथे बापाचे कामही अवघड आहे. फार सैल धरले तर लेकराला खोटा विश्वास येतो, पुरा जोर लावला तर ते हिरमुसते. आधी अर्ध्या जोराने धरा, जमले की वाढवत जा. हसू नका, चिडवू तर मुळीच नका. “सोड” म्हटले किंवा अंगावर दोनदा थाप मारली की पकड तात्काळ सोडायची. एकदाही मोडला तर हा नियम संपला.

मान बगलेत दाबली तर

शाळेच्या मैदानात हे रोज होते. हनुवटी आत, तोंड दाबणाऱ्याच्या बरगड्यांकडे, म्हणजे गळा मोकळा राहतो. दोन्ही हातांनी त्याचे मनगट खाली ओढायचे, गुडघे वाकवून बूड खाली न्यायचे, त्याच्या पाठीमागे पाऊल टाकायचे आणि डोके मागून काढायचे. डोके सरळ वर ओढले तर कान सोलतात आणि पकड आवळते. घरी सराव करताना गळ्यावर दाब देऊ नका, खांद्यावरून हात ठेवला तरी पुरते.

मारायची वेळ आलीच तर

तळहाताचा मनगटाजवळचा भाग वापरायला शिकवा. लेकरे मूठ वळताना अंगठा आत घालतात आणि तोच मोडून घेतात. सरावाला बारदानात जुने कपडे ठासून निंबाच्या फांदीला लेकराच्या छातीच्या उंचीवर टांगा. वाळू भरू नका, ती खाली बसून कडक होते. डोळे, गळा, मानेची मागची बाजू वर्ज्य. दगड, काठी, विळा हातात घ्यायचा नाही हे पहिल्याच दिवशी सांगा.

आवाज आणि पळणे

दोन्ही तळहात छातीसमोर उघडे, एक पाय मागे, आणि पोटातून आवाज : “मागं सर!” बहुतेक पोट्टे इथेच थंड होतात. हात सुटला की थांबायचे नाही. पार, किराणा दुकान, पिठाची चक्की, जिथे माणसे असतात तिकडे धावायचे. रोजच्या वाटेवरची अशी ठिकाणे लेकरासोबत चालून दाखवा. मोठ्या माणसाने धरले, ओढले किंवा नको तिथे हात लावला तर, तो नात्यातला असला तरी, ओरडायचे आणि घरी सांगायचे. मदतीसाठी 1098 आणि 112 हे क्रमांक पाठ करून घ्या.

मोठ्या लेकराला कायदाही सांगा. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 पासून पुढे स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण तो गरजेपुरताच. पळणाऱ्याला गाठून मारले तर तो बचाव राहत नाही.

बारा-तेराव्या वर्षानंतर कबड्डी किंवा कुस्तीला पाठवा. धरलेल्यातून सुटणे हीच कबड्डीतली रोजची शिकवण. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ दाखवायला गेलेला चमू आपल्याच अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा होता.

सरावात डोके आपटले तर त्या दिवशी सराव बंद. उलटी, अवेळी झोप, बोलण्यात गोंधळ किंवा वाढती डोकेदुखी दिसली तर हळद लावत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. पुढचा दिवसभर लक्ष ठेवा.