प्रेक्षकसंख्या आणि तिकीटदरांची तुलना कशी करावी

‘जिथे गर्दी जास्त ते ठिकाण जोरात’ हा हिशेब आधी डोक्यातून काढा. स्टेडियम आणि नाट्यगृह एका यादीत लावलं की त्यातून इमारत कोणाची मोठी एवढंच कळतं.

कालावधी सगळ्यांचा सारखाच घ्या.

खरी मेख पुढे आहे. हातातला आकडा नक्की कशाचा? विकलेली तिकिटं, दारातून आत आलेली माणसं आणि वाटलेले फुकट पास या तीन वेगळ्या गोष्टी. ‘उपस्थिती’ म्हणून तिन्ही खपवल्या जातात. अमेरिकी बेसबॉलची नॅशनल लीग 1992 पर्यंत आत आलेली माणसं मोजायची, 1993 पासून विकलेली तिकिटं मोजू लागली. ही वर्षं एकाच आलेखात घातली की तिकीट काढून घरी बसलेलेही प्रेक्षक ठरतात. मनोरंजन उद्यानांत तर वार्षिक पासवर दहादा आलेला एकच माणूस दहा भेटी म्हणून धरला जातो.

समजा, 1000 खुर्च्यांपैकी 700 विकल्या आणि 200 पासवाले आले. आयोजक 90 टक्के भरल्याचं सांगेल, पण विक्री 70 टक्केच. त्यात गल्ला 900 ने भागलात, तर सरासरी तिकीट खऱ्यापेक्षा 22 टक्के स्वस्त दिसेल. गल्ला विकलेल्या तिकिटांनीच भागायचा, इथे तडजोड नाही. पासांचा आकडा मिळत नसेल तर ते ठिकाण सरळ वगळा. ‘साधारण इतके धरू’ म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. असे तक्ते मी पुष्कळ पाहिलेत, एकही कामाचा नव्हता.

मग किती टक्के जागा विकल्या ते काढा: खुर्च्यांना प्रयोगांनी गुणा आणि त्या गुणाकाराने विकलेली तिकिटं भागा. खुर्च्या त्या दिवशीच्या धरा. मंच एका टोकाला असला की त्याच्या मागच्या खुर्च्या विकताच येत नाहीत, मध्यभागी असला तर येतात. उद्यानाला खुर्च्याच नसतात, तिथे हा भागाकार करू नका.

दरांचं काम सोपं. कर आणि सुविधा शुल्क सगळीकडे धरा, नाहीतर सगळीकडे वगळा. सरासरीसोबत मधला दरही (विकलेली तिकिटं दराच्या क्रमाने लावली की बरोबर मधोमध येतो तो) काढा, कारण पुढच्या रांगेची मूठभर महागडी तिकिटं सरासरी उगाच फुगवतात. मागणीनुसार दर बदलत असतील, तर जाहिरातीतला ‘पासून सुरू’ दर वापरू नका. अनेक वर्षांची तुलना असेल, तर जुने दर महागाई निर्देशांकाने आजच्या पैशांत आणा.