बूस्टरची इंजिनं ओळखताना या चुका टाळा

पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून इंजिन लागतं, हे आपण लहानपणापासून पाहिलेलं असतं. म्हणून ‘बूस्टर’ म्हटलं की तेच डोळ्यांसमोर येतं, आणि इथेच गल्लत होते. ते बँकर. ते स्वतंत्र इंजिन असतं आणि घाट चढला की सुटतं. बूस्टर म्हणजे वाफेच्या इंजिनाच्याच मागच्या छोट्या चाकांवर, कधी टेंडरखाली (कोळसा-पाण्याच्या जोडडब्याखाली), बसवलेलं दोन सिलिंडरचं यंत्र. वाफ त्याच बॉयलरची. न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या हॉवर्ड इंगरसोल यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते घडवलं.

त्यामागचा विचार मला फार आवडतो. गाडी सुटताना बॉयलरमध्ये वाफ मुबलक असते, पण मोठ्या चाकांची रुळावरची पकड अपुरी पडते. त्याच वेळी भट्टीखालची मागची चाकं नुसता भार वाहत असतात. मग त्यांनाही कामाला का लावू नये?

यातूनच पुढची चूक घडते. न्यूयॉर्क सेंट्रलच्या ‘हडसन’ इंजिनाची, म्हणजे जे-1 वर्गाची, ओढ सुमारे 42,300 पौंड आणि बूस्टरची सुमारे 10,900. या दोन्हींची बेरीज करून ‘हे इंजिन 53 हजारांचं’ असं सर्रास लिहिलं जातं. ही बेरीज फक्त गाडी हलवताना आणि रांगत्या वेगात खरी असते. ड्रायव्हर बूस्टरची खिट्टी लावतो, बूस्टर आधी हळू फिरतो, हवेच्या दाबाने मधलं दातेरी चाक अ‍ॅक्सलच्या चाकात अडकतं आणि मगच पूर्ण वाफ मिळते. वेग आला आणि रिव्हर्सर (दिशा आणि सिलिंडरमधली वाफ ठरवणारा दांडा) मागे घेतला की बूस्टर सुटतो. ट्रेन सिम्युलेटरवर भरवेगात बूस्टर लागत नाही अशी तक्रार असेल, तर आधी वेग आणि रिव्हर्सर तपासा. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो.

फोटोत हडसन ओळखायचं असेल तर भट्टीखालची दोन चाकं नीट बघा. पुढचं 36 इंचांचं, मागचं 51 इंचांचं. ते मोठं चाक बूस्टरचं. तरीही चाकांची मांडणी 4-6-4 (पुढची छोटी, मधली मोठी, मागची छोटी चाकं) अशीच लिहायची. बूस्टरमुळे आकडा बदलत नाही.

वर्गाचं नाव मात्र रेल्वेच्या नावाशिवाय कधीच लिहू नका. चेसापीक अँड ओहायोचं टी-1 हे 1930 चं, 2-10-4 मांडणीचं, बूस्टरवालं मालगाडीचं इंजिन. पेनसिल्व्हेनियाचं टी-1 हे 4-4-4-4 मांडणीचं प्रवासी गाडीचं इंजिन. नाव एक, पण यंत्रं पूर्ण वेगळी.

आणि ‘बूस्टर फसला म्हणून इंजिन फसलं’ असं घाईने म्हणू नका. ब्रिटनच्या एलएनईआर (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे) या कंपनीची, तिचे मुख्य अभियंते ग्रेस्ली यांनी आखलेली पी-1 वर्गाची दोन इंजिनं, 2393 आणि 2394, 1925 साली आली, ती 100 वाघिणींची कोळसागाडी ओढण्यासाठी. बूस्टरच्या वाफनळ्यांनी त्रास दिला, हे खरं. पण मुख्य अडचण अशी होती की एवढी लांब गाडी लूपमध्ये, म्हणजे दुसऱ्या गाडीला वाट देण्यासाठीच्या बाजूच्या रुळावर, मावतच नव्हती. 1937-38 मध्ये बूस्टर काढले आणि ही दोन्ही इंजिनं त्यांच्याविना 1945 पर्यंत चालली. तेव्हा पी-1 चा फोटो 1938 नंतरचा असेल, तर त्याखाली ‘बूस्टरसह’ लिहू नका.