पोराला ताप आलाय: घरी काय करायचं आणि दवाखाना कधी गाठायचा

आमच्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर-जांबोटीकडं पाऊस एकदा धरला की आठ-आठ दिवस ऊन नाही, कपडे वाळत नाहीत आणि घरातलं एक तरी पोरगं कणकणतंच. त्यात ताप रात्री चढला की घरातले सगळे डॉक्टर होतात, आज्जी म्हणते गोधडी घाला, काका म्हणतात ओली पट्टी ठेवा, शेजारीण आपल्या पोराची उरलेली औषधाची बाटली घेऊन येते. अशा वेळी नक्की काय करायचं ते क्रमानं सांगते.

सगळ्यात आधी वय बघा. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप 100.4 फॅरेनहाइट किंवा त्यावर असेल तर पुढचं वाचत बसू नका, रात्र असली तरी निघा, बाळ दूध पितंय हसतंय असं दिसत असलं तरी निघा. इतक्या लहान बाळाचं इन्फेक्शन वरून कळत नाही, आणि त्याला घरच्या घरी तापाचं औषधही पाजायचं नाही.

बाळ मोठं असेल तर मग ताप मोजा, कपाळाला हात लावून नाही, थर्मामीटर लावून. काखेतला घाम पुसायचा, टोक काखेच्या मधोमध ठेवायचं, हात छातीशी धरून ठेवायचा आणि बीप वाजेपर्यंत सोडायचा नाही. आकडा आणि वेळ कागदावर लिहा. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका हं, 102 ताप असून घरभर फिरणाऱ्या पोरापेक्षा 100 ला मान टाकून पडलेलं पोरगं जास्त काळजीचं.

आता औषध, आणि सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. पॅरासिटामॉल वयावर नाही, वजनावर द्यायचं असतं. किलोमागं साधारण 15 मिलिग्रॅम, म्हणजे 10 किलोच्या पोराला एका वेळी 150. वजन आठवत नसेल तर तायी कार्डावर, म्हणजे कर्नाटकात मिळणाऱ्या आई-बाळाच्या सरकारी कार्डावर, शेवटचं लिहिलेलं असतं, नाहीतर अंगणवाडीत करून घ्या. खरी गोम बाटलीत आहे. एका सिरपच्या 5 मिलीत 120 किंवा 125 मिलिग्रॅम असतं, दुसऱ्याच्या 5 मिलीत 250, आणि तान्ह्यांच्या ड्रॉप्समध्ये एकाच मिलीत 100. म्हणजे तेच 150 मिलिग्रॅम द्यायला 125 वाल्यातलं 6 मिली लागतं, 250 वाल्यातलं 3 मिली आणि ड्रॉप्समधलं फक्त दीड मिली. बाटल्या दिसायला सारख्या, चव पण गोडच, त्यामुळे "मागच्या वेळी सहा मिली दिलेलं" म्हणून ड्रॉप्समधनं सहा मिली पाजलं तर चौपट डोस झाला की! म्हणून लेबल उजेडात धरून वाचा, शेजारणीची बाटली असेल तर दोनदा वाचा, आणि घरच्या चमच्यानं नको, बाटलीबरोबर आलेल्या मापानं किंवा सिरिंजनं द्या. दोन डोसांत कमीत कमी चार तास, शक्यतो सहा, आणि 24 तासांत चारच्या वर नाही. सर्दीच्या बऱ्याच सिरपमध्येही पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं, दोन्ही एकदम देऊ नका.

मेडिकलवाल्यानं "स्ट्राँग" म्हणून निमेसुलाइड दिलं तर परत करा, 12 वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर 2011 पासून बंदी आहे. ॲस्पिरिनही नको. पावसाळ्यात डेंग्यूची साथ असते तेव्हा आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड ही तापाची दुसरी औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. खोकल्याच्या औषधाबद्दल ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राची सूचनाच निघालीय, दोन वर्षांखाली द्यायचं नाही आणि पाच वर्षांखाली शक्यतो नाही. एक वर्षावरच्या मुलाला अर्धा चमचा मध चालतो, वर्षाखाली मध अजिबात नको, चाटणाच्या नावाखालीपण नको.

गोधडी, स्वेटर, कानटोपी काढा. सुती पातळ कपडा पुरे. थंड पाण्याच्या पट्ट्यांनी पोरगं कुडकुडतं आणि ताप उलट चढतो, पुसायचंच असेल तर कोमट पाण्यानं पुसा. अंगावरचं दूध, भाताची पेज, पातळ आमटी, थोडं थोडं पण सारखं द्या. जेवत नाही म्हणून मागं लागू नका, लघवी होतीय का ते बघा. जुलाबपण लागले असतील तर ओआरएस, पाकिटावर जेवढं लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, अर्धं पाकीट ग्लासात अंदाजानं नको. दृष्ट काढायची तर काढा, पण मिरच्यांचा धूर पोराच्या नाकात जाऊ देऊ नका.

सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापात कधीकधी आकडी येते. बघणाऱ्याचे हातपाय गळतात हे खरं, पण करायचं थोडंच असतं. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा, पाणी, बोट काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवत वेळ घालवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108, आणि थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

सकाळची वाट न बघता निघायचं कधी? झोपलेल्या पोराचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजा, पोट वर आलं की एक. दोन महिने ते वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त, किंवा श्वास घेताना बरगडीखाली खड्डा पडत असेल तर निघा. सहा-आठ तास लघवी नाही, सारखी उलटी, मान ताठ, अंगावर दाबूनही न जाणारे लाल ठिपके, हाक मारून नीट जागं न होणं, तरी निघा. आणि डेंग्यूत तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप उतरतो तेव्हाच जपायचं असतं, ताप गेला पण पोट दुखतंय, हातपाय गार पडलेत, हिरड्यांतनं रक्त येतंय, तर तडक दवाखाना.

कणकुंबीकडच्या घाटातनं रात्री गाडी मिळायला वेळ लागतो, म्हणून गाडीवाल्याशी दिवसाच बोलून ठेवा. 108 ला फोन लावला तर आधी गाव आणि तालुका स्पष्ट सांगा, महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर सारख्या नावाची गावं असतात. बेळगावात जिल्हा रुग्णालय, म्हणजे बिम्स, सरकारी आहे, निपाणीकडचे लोक कोल्हापूर गाठतात, जे जवळ पडेल ते. बरोबर तायी कार्ड, तो तापाचा कागद आणि दिलेल्या औषधाची बाटली घ्या, नाव सांगण्यापेक्षा बाटलीच दाखवा.

यातलं काहीच नाही पण तीन दिवस ताप हटत नाही, तर साध्या ओपीडीत दाखवा. तिथं डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं नाही, सलाईन लावली नाही म्हणून लगेच दुसरा दवाखाना शोधू नका. व्हायरल तापाला अँटिबायोटिक लागत नाही, परत कधी यायचं तेवढं मात्र विचारून घ्या.