जुना होम कॉम्प्युटर पुन्हा सुरू करताना

शाळकरी वयात ज्या होम कॉम्प्युटरवर बेसिकच्या पहिल्या ओळी टाइप केल्या, तोच पुन्हा घरी असावा असे वाटत असेल, तर नेमके काय परत हवे आहे हे आधी ठरवावे. केवळ जुने गेम खेळायचे असतील तर एम्युलेटर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, पुरेसा आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण झेडएक्स स्पेक्ट्रम या होम कॉम्प्युटरच्या रबरी कळांचा स्पर्श, कॅसेटवरून प्रोग्रॅम लोड होतानाचा कर्कश आवाज आणि पडद्याच्या कडांवर धावणारे रंगीत पट्टे हवे असतील, तर प्रत्यक्ष यंत्राला पर्याय नाही.

यंत्र हाती येताच ते सुरू करून पाहण्याचा मोह होतो आणि भरून न येणारे नुकसान बहुधा त्याच क्षणी होते. १९८२ साली बाजारात आलेल्या कमोडोर ६४ या होम कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी असे दोन पुरवठे निघतात. त्याच्या बऱ्याच मूळ सप्लायमध्ये आतले भाग रेझिन ओतून बंद केलेले असल्यामुळे उष्णता बाहेर पडत नाही आणि दुरुस्तीही करता येत नाही. त्यातला व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर निकामी होतो तेव्हा ५ व्होल्टचा पुरवठा वाढत जातो आणि रॅमच्या (मेमरीच्या) चिप जळतात. मल्टिमीटरवर ५ चा आकडा दिसला म्हणून निर्धास्त राहू नये, कारण हा दोष कधी कधी सप्लाय तापल्यावरच उघड होतो. माझ्या मते मूळ सप्लाय संग्रहात ठेवावा आणि वापरासाठी नव्याने बनवलेला घ्यावा. स्पेक्ट्रमच्या बाबतीत धोका वेगळा आहे: त्याच्या ९ व्होल्टच्या प्लगमध्ये आतला भाग निगेटिव्ह आणि बाहेरचा पॉझिटिव्ह असतो, म्हणजे आजच्या बहुतेक अडॅप्टरच्या बरोबर उलट. त्यामुळे घरातला कोणताही ९ व्होल्टचा अडॅप्टर त्याला जोडू नये.

१९८१ च्या बीबीसी मायक्रो या कॉम्प्युटरमध्ये पॉवर सप्लायमधील रिफा कंपनीचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) तडकतात, त्यांत ओलावा शिरतो आणि काही वेळाने दाट धूर निघतो. ते बदलणे स्वस्त असले, तरी काम थेट मेनच्या विजेशी संबंधित असल्याने जाणकाराकडूनच करून घ्यावे. अमिगा २००० या कॉम्प्युटरमध्ये मदरबोर्डवर निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळली की आजूबाजूचे तांब्याचे ट्रॅक खाल्ले जातात, म्हणून यंत्र चालत असो वा बिघडलेले असो, सुरू करण्याआधी बॅटरी काढावी. गळतीचा अंश अल्कलीयुक्त असल्याने तो थोड्या व्हिनेगरने पुसून नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा स्वच्छ करावी.

एवढे झाल्यावरच यंत्र सुरू करावे. कमोडोर ६४ च्या निळ्या पडद्यावर ३८९११ बाइट मोकळे असल्याची ओळ आली, तर सुरुवातीच्या तपासणीत मेमरी ठीक आढळली असे समजावे. पडदा कोराच राहिला, तर पीएलए (कोणत्या वेळी कोणती चिप वापरायची हे ठरवणारी चिप) आणि रॅम या चिपवर संशय घ्यावा.

कॅसेट लोड होत नसेल तर दोष नेहमी कॉम्प्युटरचाच असतो असे नाही. रेकॉर्डरचे हेड (टेप वाचणारा भाग) अल्कोहोलने पुसावे, आणि तरीही जमले नाही तर कारखान्यात रेकॉर्ड झालेली एखादी कॅसेट लावून हेडशेजारचा बारीक स्क्रू अगदी सावकाश फिरवावा. आवाज सर्वांत टोकदार आणि स्वच्छ ऐकू येतो ती जागा योग्य. कॅसेट एकदा नीट वाचली गेली की तिचा आवाज लगेच फाइलमध्ये रेकॉर्ड करून ठेवावा, कारण पुढच्या खेपेस ती तशीच वाचली जाईल याची खात्री नसते.

पिवळे पडलेले प्लॅस्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाशाने पुन्हा उजळवता येते. मात्र लेप असमान बसला तर डाग उमटतात आणि पिवळेपणा काही काळाने परतही येऊ शकतो, म्हणून मी तरी हा उपाय सुचवत नाही. सुट्या होणाऱ्या कळा आणि आतले भाग काढलेली केस साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवली, तर बहुतेक यंत्रांना तेवढे पुरते.