संत्र्याचं गोड-तिखट कॉकटेल

दोन ग्लासांसाठी नागपुरी संत्री पाच घ्या. मृग बहाराची, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येणारी, मिळाली तर उत्तम.

आधी पाक करा. चार मोठे चमचे साखर तेवढ्याच पाण्यात विरघळवा, एक उकळी आली की गॅस बंद. त्यात उभी चिरलेली एक हिरवी मिरची आणि इंचभर ठेचलेलं आलं टाका. दहा मिनिटांनी गाळा. मिरची रात्रभर पाकात राहिली तर तिखटापुढे संत्र्याची चवच लागत नाही.

संत्री मिक्सरमध्ये फिरवू नका. बिया चिरडल्या की रस कडू होतो, आणि सालींमुळे तो ठेवल्या ठेवल्यासुद्धा कडवट होत जातो. हा कडूपणा साखरेने झाकला जात नाही. आडवी कापून हाताने पिळा, गाळा आणि लगेच वापरा. साधारण पाव लिटर रस निघेल.

ग्लासाच्या काठाला लिंबाची फोड फिरवून काठ भिवापुरी तिखट (नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या लाल मिरचीची पूड) आणि काळ्या मिठात बुडवा. दोन्ही सम प्रमाणात. तिखट बारीक चाळलेलं हवं, नाहीतर पहिल्याच घोटाला ठसका.

रस, तीन चमचे पाक, अर्ध्या लिंबाचा रस आणि बर्फ झाकणाच्या बरणीत घालून बाहेरून दव धरेपर्यंत हलवा. दारू घालायची तर ग्लासामागे ४५ मिली व्होडका इथेच. नसली तरी काही अडत नाही. ग्लासात गाळा. सोडा सगळ्यात शेवटी, वरून. बरणीत घातलात तर झाकण उडेल.