एप्रिलमध्ये नांदूरमधमेश्वरला दुर्मीळ पक्षी शोधताय? या चुका टाळा

पक्षी सप्ताहात, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबरच्या दरम्यान, नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमधमेश्वर अभयारण्यात चापडगावच्या पक्षी बघायच्या मनोऱ्यावर उभं राहायला जागा मिळत नाही. जानेवारीतल्या रविवारी तर गाड्या लावायलाही जागा शोधावी लागते. मार्चचा पहिला आठवडा उलटला की सगळं सामसूम. ‘सीझन संपला’ म्हणत लोक दुर्बिणी कपाटात ठेवतात. मग मे महिन्यात कुणीतरी एखादा वेगळा फोटो टाकतो आणि हीच मंडळी विचारतात, ‘हा आपल्याकडे कधी आला?’

तो मार्च-एप्रिलमध्ये आला होता, तुम्ही घरी होतात.

परतीचा प्रवास एका दिवसात उरकत नाही. थापट्या, तलवार बदक अशा बदकांची संख्या मार्चमध्ये उतरायला लागते, पण चिखलात चरणारे छोटे पक्षी एप्रिलभर दिसत राहतात. त्यात दक्षिणेत हिवाळा काढून उत्तरेकडे निघालेले पाहुणेही असतात. ते इथे एक-दोन दिवस थांबतात, पोट भरतात आणि निघून जातात. हिवाळ्यात चार महिने मुक्काम ठोकणारे पक्षी वेगळे आणि हे वाटसरू वेगळे. दुर्मीळ नोंदीची शक्यता या वाटसरूंमध्ये जास्त असते.

दुसरी गोष्ट पाण्याची. नांदूरमधमेश्वर हे २०१९ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत, गेलेलं राज्यातलं पहिलं पाणथळ आहे, पण मुळात तो गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा सिंचनाचा बंधारा आहे. गंगापूर, दारणा या धरणांतून पाणी सुटलं, कालव्यांना आवर्तन, म्हणजे सिंचनाच्या पाण्याची पाळी, मिळालं की इथली पातळी हलते. पाणी भरलेलं असेल तर काठचा गाळ बुडतो आणि चिखलातले पक्षी दुसरीकडे जातात. म्हणून निघण्याआदल्या संध्याकाळी मी चापडगावच्या ओळखीच्या गाइडला फोन करून एकच प्रश्न विचारतो, ‘गाळ उघडा आहे का?’ कोणते पक्षी आलेत हे मी विचारत नाही. ते ऐकून गेलं की डोळे तेवढेच शोधत बसतात.

पक्ष्यांनी कपडे बदललेत हे विसरणं

माझ्याकडे ओळख पटवायला येणाऱ्या फोटोंमध्ये सगळ्यांत जास्त वेळा दिसणारी चूक ही आहे. हिवाळ्यात पाहिलेला करडा, फिकट पक्षी एप्रिलमध्ये विणीच्या रंगात येतो. जानेवारीत ज्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, तोच आता ‘नवीन’ वाटतो.

काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या सुरुवातीला रात्री दहाच्या सुमारास आमच्या ग्रुपवर एक फोटो आला. लांब चोच, लांब पाय, मान आणि छाती विटकरी. खाली लिहिलेलं, ‘बार-टेल्ड गॉडविट, आज संध्याकाळी.’ हा पक्षी आपल्याकडे मुख्यतः समुद्रकिनाऱ्यावर दिसतो, त्यामुळे नाशिक जिल्ह्यात तो सापडणं मोठी गोष्ट होती. अर्ध्या तासात तीन गाड्या ठरल्या. पहाटे साडेचारला आम्ही अकराजण नाशिकच्या द्वारका चौकातून निघालो. एकाने त्या दिवशीची रजा टाकली होती, एकजण मुलीची परीक्षा असताना आला होता.

उजाडलं तेव्हा तो पक्षी त्याच जागी चरत होता. मान विटकरी, चोच लांब, सगळं फोटोसारखं. दोघांनी लगेच फोनवर नोंद टाकायला घेतली. मी म्हटलं, थांबा, तो उडेपर्यंत काही लिहू नका. चाळीस मिनिटं आम्ही बसून राहिलो. वरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी गेला तसा अख्खा थवा उठला, आणि त्या पक्ष्याच्या पंखांवर ठसठशीत पांढरा पट्टा दिसला. कंबर पांढरी, शेपटी काळी. म्हणजे तो ब्लॅक-टेल्ड गॉडविट होता, मराठीत ज्याला काळ्या शेपटीचा पाणटिवळा म्हणतात. जानेवारीपासून याच पाण्यात शेकड्याने दिसणारा. फक्त त्याने विणीचा रंग धरला होता.

बार-टेल्डच्या पंखावर असा पट्टा नसतो. त्याची चोच टोकाकडे किंचित वर वळलेली असते, पाय आखूड असतात, आणि विणीच्या रंगातल्या नराचा विटकरी रंग थेट शेपटीखालपर्यंत जातो. ब्लॅक-टेल्डचा रंग छातीपाशी विरतो, पोट पांढुरकं आणि त्यावर आडव्या रेघा. हे सगळं त्या रात्रीच्या फोटोतही दिसत होतं. पोट नीट दिसत होतं, फक्त कुणी पाहिलं नाही. सगळ्यांनी मानेचा रंग पाहिला आणि पुस्तकात त्या रंगाचं चित्र शोधलं. मी स्वतःही रात्री पोट न बघताच गाडीत बसायला तयार झालो होतो, म्हणून ही गोष्ट इतकी लक्षात राहिली.

त्या दिवसापासूनची माझी सवय: एप्रिलमध्ये कोणताही पक्षी ओळखताना रंग सगळ्यांत शेवटी बघायचा. आधी चोचीची लांबी आणि वळण, मग पाय, मग उडताना पंख आणि कंबर. रंग बदलतो, हाडं बदलत नाहीत.

असेच फसवणारे आणखी काही. वंचक, म्हणजे आपला ढोकरी बगळा, उन्हाळ्यात पाठीवर तपकिरी-जांभळा होतो. गायबगळ्याचं डोकं आणि मान केशरी होते आणि ‘केशरी बगळा, नवीन प्रजाती?’ असे मेसेज सुरू होतात. रफ पक्ष्याच्या नरांवर काळे-पांढरे डाग उमटतात, आणि एकाच थव्यात दोन नर सारखे दिसत नाहीत. भोरड्या तर गंमतच करतात. त्यांची नवीन पिसं या दिवसांत येत नाहीत. जुन्या पिसांची मळकट टोकं झिजतात आणि खालचा गुलाबी-काळा रंग उघडा पडतो. फेब्रुवारीतली मळकी भोरडी एप्रिलमध्ये पळसावर बसलेली पाहिली तर नवशिक्याला दोन वेगळे पक्षी वाटतात, आणि त्यात त्याचा दोष नाही. दोष तेव्हा, जेव्हा तो फेब्रुवारीत तिच्याकडे बघतच नाही.

हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी काहींना राग येतो: दुर्मीळ पक्षी शोधायचा असेल तर आधी दोन हिवाळे साध्या पक्ष्यांवर घालवा. पिवळा धोबी, तुतवार, चिखल्या, शेकाट्या, रफ. प्रत्येकाला जानेवारीत, मार्चमध्ये आणि एप्रिलमध्ये वेगवेगळं बघा. पहिल्या महिन्यात पाचशे मिलिमीटरची लेन्स घेऊन तिसऱ्या महिन्यात ‘जिल्ह्यातली पहिली नोंद’ मागणारे खूप पाहिले. त्यातले बहुतेक दोन वर्षांत लेन्स विकून मोकळे होतात.

पायाच्या रंगावर निकाल देणं

लिटल स्टिंट या चिखलातल्या छोट्या पक्ष्याचे पाय काळे, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या टेमिंक्स स्टिंटचे पिवळट-हिरवे, हे पुस्तकात वाचलेलं असतं. नांदूरमधमेश्वरचा गाळ काळा आहे, आणि त्यात अर्धा तास चाललेल्या कुठल्याही पक्ष्याचे पाय काळेच दिसतात. तो पाण्यात उतरून पाय धुईपर्यंत थांबा. उडताना शेपटीच्या कडेची पांढरी पिसंही बघा. टेमिंक्सची ती स्वच्छ पांढरी असतात.

साडेआठनंतरच्या नोंदी

एप्रिलमध्ये साडेआठ-नऊनंतर पाण्यावर झळा उठतात. दूरचा पक्षी थरथरतो, चोच लांब होते, आखूड होते, वाकडीही दिसते. तेव्हाच्या ओळखीवर मी वहीत प्रश्नचिन्ह टाकतो. सूर्य पाठीशी राहील अशी जागा पहाटेच धरा, आणि झळा सुरू झाल्या की बांधावरून परत फिरा.

अ‍ॅपने सांगितलं म्हणून

मर्लिन या पक्षी ओळखायच्या अ‍ॅपवर आवाज ऐकवला की ते नाव सुचवतं. ती सूचना असते, साक्ष नव्हे. खाटीक इतर पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो, अगदी टिटवीचाही. कोतवाल शिक्र्याची नक्कल करतो. मागच्या वर्षी एका मुलाने गंगापूर धरणाच्या पाणफुगवट्यावरून तीन ‘दुर्मीळ’ आवाज नोंदवले. तिन्ही एकाच बाभळीवरून, दहा मिनिटांत आलेले. मी त्याला एवढंच विचारलं, ‘बाभळीवर बसलं कोण होतं?’ त्याने पाहिलंच नव्हतं, तो स्क्रीनकडे बघत होता. अ‍ॅप वापरा, मीही वापरतो, पण आवाज आला की आधी मान वर करा.

पक्ष्याच्या अंगावर जाणं

ही अशी चूक, जिच्याबद्दल मी शांतपणे बोलू शकत नाही.

तीन-चार वर्षं झाली. एप्रिलचा मध्य, आवर्तन नुकतं संपलेलं, खाणगाव थडीच्या बाजूला गाळाचा रुंद पट्टा उघडा. काठाला गाळपेराचं, म्हणजे उघड्या गाळात घेतलेल्या पिकाचं, हिरवं, पुढे चिखल, पुढे उथळ पाणी. मी आणि माझा जुना सोबती सहाच्या आधीच स्कोप, म्हणजे तिपाईवरची मोठी दुर्बीण, लावून बसलो होतो. लिटल स्टिंटचा साठ-सत्तरांचा थवा चरत होता. त्यात एक पक्षी थोडा वेगळा वाटला. चाल संथ, चोच लांब आणि टोकाशी किंचित खाली मोडल्यासारखी. मी स्कोप त्याच्यावर स्थिर केला. त्याने डोकं वळवलं आणि डोळ्यावर दुहेरी पांढरी भुवई दिसली, असं मला वाटलं. तसं असेल तर ब्रॉड-बिल्ड सँडपायपर. समुद्रकाठचा पक्षी, आपल्याकडे घाटावर फार क्वचित.

‘वाटलं’ एवढ्यावर मी काहीही लिहीत नाही. सूर्य आणखी वर येऊन प्रकाश बाजूने पडला की भुवई नक्की दिसली असती. पंधरा मिनिटांचा प्रश्न होता.

तेवढ्यात मासेमारीच्या होडीजवळ उभा असलेला माणूस म्हणाला, ‘काका, तो पोरगा पुढं चाललाय बघा.’ डावीकडून एक तरुण कॅमेरा हातात धरून सरळ चिखलात उतरला होता. मी हात केला, सोबत्याने हाक मारली. त्याने हसून ‘दोन मिनिटं’ अशी खूण केली आणि चालत राहिला. चाळीस फुटांवर तो गुडघ्यावर बसायला लागला आणि सगळा थवा उठला. एक फेरी, दुसरी फेरी, मग संगमाच्या दिशेने. आम्ही साडेनऊपर्यंत काठ धुंडाळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तो पक्षी सापडला नाही.

माझ्या वहीत त्या तारखेसमोर अजून प्रश्नचिन्ह आहे. त्या मुलाच्या कॅमेऱ्यात उडत्या थव्याचे सहा फोटो होते, सगळे मागून घेतलेले.

नोंद गेली याचं दुःख आहेच, पण राग वेगळ्या कारणाने येतो. हे पक्षी इथे फोटोसाठी आलेले नसतात. पुढचे हजारो किलोमीटर उडायला लागणारी चरबी ते या चिखलातून किड्याकिड्याने गोळा करत असतात. प्रत्येक वेळी थवा उठवला की त्या साठ्यातला काही भाग जळतो आणि चरण्याचा वेळही जातो. हिवाळ्यात पक्ष्याला भरपाई करायला महिने असतात. एप्रिलमध्ये त्याच्या हातात थोडे दिवस असतात.

माझी रीत साधी आहे. काठावर पोचलो की आधी बसतो. उभा माणूस पक्ष्याला दुरून दिसतो, बसलेला कमी टोचतो. मग जागा बदलत नाही. पक्षी चरत चरत स्वतः जवळ येतात, तास लागतो, कधी दोन. चरणाऱ्या पक्ष्याने मान वर करून ताठ उभं राहणं म्हणजे तुम्ही आधीच जास्त पुढे आला आहात. तिथून मागे सरका. आणि कुणी स्कोप लावून बसला असेल तर त्याच्या पुढून जाऊ नका, त्याच्याजवळ बसा. बहुतेकजण स्कोपमधून बघू देतात, मी तर देतोच.

स्पीकरवर आवाज लावून पक्षी बाहेर काढू नका. ड्रोनचा विचारही नको, हे अभयारण्य आहे.

लगेच लोकेशन टाकणं

फोटो काढल्यावर दहा मिनिटांत नकाशावरचा ठिपका ग्रुपवर जातो आणि दुपारपर्यंत तीस माणसं येतात. ममदापूरच्या माळरानावर भोवत्यांच्या रात्रीच्या मुक्कामाच्या जागेचं एकदा असंच झालं. आता मी आधी दोन जाणकारांना फोटो पाठवतो, नाव पक्कं करतो, आणि जागा तेव्हाच सांगतो जेव्हा तिथे बांधावरून, पक्ष्याला न उठवता बघता येतं.

नोंद अपुरी ठेवणं

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर दुर्मीळ पक्षी टाकला की ते वर्णन मागतं. तिथे ‘फोटो आहे’ एवढं लिहून लोक मोकळे होतात, आणि तपासणाऱ्या स्वयंसेवकाने प्रश्न विचारला की अपमान वाटतो. अपमान कसला? तो तुमच्या सोबत नव्हता. अंतर किती, प्रकाश कुठून, सोबत कोणते पक्षी, कोणत्या साध्या पक्ष्याशी घोळ होऊ शकतो आणि तो का नाही, हे लिहा. शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. मी हे जागेवरच, फोटो बघण्याआधी, वहीत पेन्सिलने लिहितो. फोटो बघितला की डोळ्याने पाहिलेलं आणि फोटोत दिसलेलं यांची सरमिसळ होते.

आणखी दोन छोट्या गोष्टी. जूनमध्ये एखादा तुतवार किंवा पाणटिवळा दिसला तर ‘उशिरा राहिलेला’ म्हणून गाजावाजा नको. लहान वयाचे काही पक्षी पहिल्या वर्षी परत जातच नाहीत. आणि शहरात, कॉलेज रोडच्या झाडावर अचानक परदेशी रंगाचा पक्षी दिसला तर आधी पायात कडी आहे का आणि शेपटीची टोकं झिजलीत का ते पाहा. पिंजऱ्यातून सुटलेले बरेच असतात.

घरात शिरलेला नवरंग

मेच्या शेवटी मला फोन येतात, ‘गॅलरीत हिरवा-निळा पक्षी बसलाय, उडत नाही.’ बहुतेक वेळा तो नवरंग असतो. दक्षिणेतून विणीसाठी वर येताना तो रात्री उडतो आणि थकून किंवा दिव्यांनी भांबावून इमारतींमध्ये उतरतो. अशा वेळी लोक त्याला हातात धरून सेल्फी काढतात, चोचीत ड्रॉपरने पाणी सोडतात, भात भरवतात. पाणी श्वासनळीत गेलं तर तो मरतो. भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं घ्या, तळाला सुती कापड टाका, पक्षी आत ठेवून झाकण लावा आणि पंखा, मुलं, मांजर यांच्यापासून दूर, अंधाऱ्या खोलीत ठेवा. काही खाऊ घालू नका. वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. जखम दिसत नसेल तर कित्येकदा तास-दोन तासांत खोक्यातून खडखड ऐकू येते. तोवर झाकण उघडून बघायचं नाही.